कोल्हापुरात पेगन व्हायचंय आणि निसर्गही सांभाळायचाय: किट मागवायचं की गंगावेशीतनं पणती आणायची?

फोनवर विक्का, पेगन, ग्रीन विच असलं, म्हणजे निसर्गालाच देव मानणाऱ्या पाश्चात्त्य पंथांबद्दल, वाचून वाचून डोक्यात बसलंय, धरती पवित्र आहे हे मनापासून पटलंय, आता सुरुवात करायची म्हणून सर्च केलं की पहिल्यांदा काय दिसतं तर स्टार्टर किट. व्हाइट सेजची जुडी, सात रंगांचे क्रिस्टल, बारा मेणबत्त्या, छोटी कढई, भविष्य बघायचे टॅरोचे पत्ते, सगळं एका डब्यात, वर बबल रॅप. निसर्गाची पूजा करायला निघालेला माणूस पहिल्याच दिवशी अर्धी बादली प्लास्टिक घरात आणतो, हे जरा चमत्कारिकच.

माझ्या हिशोबानं तुमच्यापुढं वाटा तीन. एक, ते किट मागवायचं आणि पुस्तकात लिहिलंय तसं करायचं. दुसरी, साधना तीच पण सामान इथलं, पायी जाऊन मिळेल ते. तिसरी, पेगन बिगन नाव सोडून द्यायचं आणि आज्जी करायची तेच सण नीट, डोळे उघडे ठेवून करायचे. माझा कल दुसरीकडं आहे हे आधीच सांगून टाकते, पण एका अटीवर, की इथलं म्हणजे आपोआप शुद्ध असं समजायचं नाही. आणि एक गंमत आहे, लोक म्हणतात तिकडचं कॅलेंडर इकडं चालत नाही पण वस्तू चालतात, मला अगदी उलटं वाटतं.

किट नाही घेतलं तर ते खरं विक्का होणार नाही अशी भीती दाखवणारे व्हिडिओ भरपूर आहेत, तर थोडा इतिहास. इंग्लंडमध्ये चेटूकविरोधी जुना कायदा रद्द झाला १९५१ ला, जेराल्ड गार्डनरनं विक्काबद्दल उघडपणे पुस्तक काढलं १९५४ ला, आणि आठ सणांचं जे चक्र सगळे दाखवतात ते आजच्या रूपात जुळलं तेही १९५० च्या दशकात. सण एकेकटे जुने आहेत, जुळणी नवी आहे. ऑस्ट्रेलियातले पेगन तर सगळं चक्र सहा महिने उलटं फिरवतात, ऑक्टोबरअखेरचं सॅविन, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावरचा सण, ते एप्रिलअखेरीला करतात, कारण त्यांचा हिवाळा तेव्हा सुरू होतो. म्हणजे आपल्या जागेप्रमाणं बदल करणं यात पाप काही नाही, उलट तीच रीत आहे.

धूर

किटमधली सगळ्यात वाईट वस्तू कुठली विचाराल तर व्हाइट सेज. हे झुडूप मूळचं दक्षिण कॅलिफोर्निया आणि त्याला लागून मेक्सिकोच्या बाहा भागातलं, तेवढ्याच पट्ट्यात रानात उगवतं. मागणी वाढल्यावर तिथनं पोत्यानं चोरून तोडायला लागले. शिवाय तिथल्या आदिवासी जमातींच्या विधीतलं ते झाड आहे आणि त्या लोकांना स्वतःचे विधी मोकळेपणानं करायला अमेरिकेत १९७८ चा कायदा यावा लागला, आणि आता त्यांचंच झाड जुडी बांधून राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये कुरिअरनं येतंय. पालो सांतो पण तसंच, दक्षिण अमेरिकेतलं लाकूड. इतक्या लांबनं धूर आणायची गरज काय ओ?

पण थांबा, लगेच आपला गुग्गुळ काढून बसू नका. गुग्गुळाचं झाड राजस्थान, कच्छ भागातलं आणि ते आंतरराष्ट्रीय यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलंय. जास्त डिंक निघावा म्हणून खोडावर खोल घाव घालतात, वर रसायन लावतात, आणि झाड मरतं. चंदनाचीही अवस्था बरी नाही, तेही धोक्यातल्या यादीत आहे. ऊद बहुतेक बाहेरच्या देशातनं येतो. बाजारातल्या स्वस्त धूपकांड्यांत काय काय कालवलेलं असतं ते पुड्यावर धड लिहिलेलंही नसतं आणि साधा कापूर हा टर्पेंटाइनपासून कारखान्यात बनवतात. म्हणजे देशी लिहिलंय म्हणून डोळे झाकून घ्यायचं नाही.

मग काय उरतं तर शेणीचा, म्हणजे गोवरीचा, निखारा. अर्धी शेणी गॅसवर लाल करून जुन्या लोखंडी तव्यात ठेवायची, त्यावर सुकलेला कडुलिंब, निर्गुडीचा पाला, तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्या, मोसंबीची साल. निर्गुडीचा वास पहिल्यांदा जरा उग्र येतो, मग मागं एक कडवट गोडसर वास राहतो, सेजच्या जवळपास जाणारा. शेणी आपल्याकडं अजून सहज मिळते, होळीला पेठापेठांतनं शेणीदान होतं आणि त्या पंचगंगा स्मशानभूमीत अंत्यविधीला वापरल्या जातात, पेगन माणसाला याच्यापेक्षा मोठा विधी कुठला दाखवू. फक्त धूर तो धूरच, पवित्र म्हणून फुप्फुसाला कमी लागत नाही. घरात दम्याचं माणूस किंवा लहान पोर असेल तर धूर बादच करा, आंब्याची डहाळी पाण्यात बुडवून घरभर शिंपडा, शुद्धीचं काम होतं.

उजेड

मेणबत्तीत भांडण पॅराफिन, सोया, मधमाशीचं मेण आणि तेलाचा दिवा असं चौघांत आहे. पॅराफिन म्हणजे पेट्रोलियमचं उरलेलं, तिथंच विषय संपला. सोया वॅक्स ऐकायला हिरवं वाटतं आणि आपल्या जिल्ह्यात सोयाबीनही पिकतं, म्हणून लोकांना वाटतं हे लोकल असणार, पण शेतातलं सोयाबीन आणि ते मेण यांच्यामध्ये तेलगिरणी, हायड्रोजन लावून घट्ट करणारा कारखाना आणि पॅकिंग असा सगळा प्रवास आहे. वर एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं सोया मेणबत्त्या कपाटातच मऊ पडतात.

मधमाशीचं मेण खरंच चांगलं, पण विचारून घ्या. आग्या माशीचं पोळं अख्खं जाळून-कापून काढलेलं असेल तर त्या मेणबत्तीपेक्षा पॅराफिन परवडलं. भुदरगड तालुक्यातलं पाटगाव मधाचं गाव म्हणून ओळखलं जातं, तिकडनं पेट्यांतल्या सातेरी माशांचं मेण कुणी आणून देत असेल तर घ्या, थोडंच घ्या, मोठ्या सणालाच लावा.

रोजच्याला पणती. गंगावेस, शाहूपुरी, बापट कँप, कुठल्याही कुंभार गल्लीत जा, दिवाळी सोडून गेलात तर कुंभारही निवांत बोलतो. पण तेल बघून घ्या, हे महत्त्वाचं. देवाचं तेल म्हणून जी स्वस्त बाटली मिळते तिच्यावर खाण्यासाठी नाही असं बारीक अक्षरात असतं, आत पाम किंवा खनिज तेल असू शकतं, आणि तसं असलं तर पॅराफिनपासनं सुटलो म्हणता म्हणता परत तिथंच. घाण्याचं शेंगतेल चमचाभर पुरतं, किंवा करंजाचं तेल, जुन्या काळात दिव्याला तेच वापरायचे, खायच्या तेलाशी स्पर्धा नाही आणि करंज रस्त्याकडंला कितीतरी. करंजाचा वास मात्र सगळ्यांना सोसत नाही, खिडकीपाशी लावा.

किटमध्ये रंगीत मेणबत्त्या असतात, पैशाला हिरवी, प्रेमाला गुलाबी. पणतीखाली त्या रंगाचं जुनं कापड ठेवा, ब्लाऊजपीस प्रत्येक घरात पडलेले असतात, हे आणखी वाढवून सांगण्यात अर्थ नाही.

दगड

क्रिस्टलवाले लोक माझ्यावर चिडतात, चिडू देत. रोझ क्वार्ट्झ बऱ्याच वेळा मादागास्करहून येतो, तिथं लोक हातानं खड्डे खणून तो काढतात, त्यात पोरंही असतात. आपल्या देशातला अकीक खंभातला, आणि तिथं दगड घासणाऱ्या कामगारांना सिलिकोसिस होतो, ती धूळ छातीत बसते आणि परत निघत नाही. मनःशांतीसाठी उशाखाली ठेवायचा दगड असा आलेला असेल तर शांती कुणाची गेली हे विचारायला पाहिजे.

आता यात एक भारी गोष्ट आहे. जगभरचे क्रिस्टलवाले ज्या अपोफिलाइट आणि स्टिल्बाइटसाठी भरमसाठ पैसे मोजतात ते निघतात आपल्या महाराष्ट्रातल्या काळ्या दगडातनं, नाशिक, जळगाव, पुणे भागात, खडीच्या खाणीत किंवा विहीर खणताना पोकळीत सापडतात. म्हणजे मुद्दाम त्यांच्यासाठी डोंगर फोडला असं बहुतेक वेळा नसतं, खडीसाठी फोडलेला असतो. अगदीच क्रिस्टल पाहिजे असेल तर तो घ्या, कुठल्या खाणीतला ते विचारा. नाहीतर पंचगंगेच्या काठचा एक गुळगुळीत गोटा उचला, एकच, रिक्षा भरून नाही. सह्याद्रीचा हा बेसाल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, डायनासोर संपले त्या सुमाराचा. एवढी ताकद पुरे नाही का झाली?

बाकीचं पटकन उरकते. झाडणी म्हणून परदेशी बेसम मागवू नका, आपली शिंदीची केरसुणी लक्ष्मीपूजनाला आपण पूजतोच. पाला कापायचा छोटा चाकू पाहिजे तर घरातला जुना विळा धार लावून घ्या. कढई जुन्या बाजारात. टॅरोच्या जागी पत्त्यांचा जुना कॅट चालतो, तिकडंही लोक साध्या पत्त्यांवर बघतात. रोझमेरी-लॅव्हेंडर कुंडीत लावायचा मोह होईल, पण आपल्या जुलैत त्यांची मुळं सडतात, लॅव्हेंडर तर हमखास. तुळस, गवती चहा, वेखंड लावा, पाऊस झेलणारी झाडं आहेत ती.

कॅलेंडर, इथं मात्र तिकडचं घ्या

साधा आक्षेप असा की लंडनला डिसेंबरात दिवस जेमतेम आठ तासांचा, म्हणून त्यांना यूलला सूर्य परत यायचं कौतुक, आपल्याकडं तेव्हाही अकरा तास उजेड, त्यात काय साजरं करायचं. बरोबर आहे. २१ डिसेंबर आपल्याला फार भिडत नाही, कबूल. १ मेला बेल्टेनची शेकोटी तर इथं वेडेपणाच, बाहेर गवत वाळून कडकडीत झालंय, पन्हाळा-जोतिबाच्या बाजूला वणवे लागलेले असतात, एक ठिणगी आणि गेलं डोंगराचं पाखरूसुद्धा. आणि १ ऑगस्टला पहिल्या कापणीची भाकरी भाजा म्हणतात, तेव्हा आपल्याकडं भातलावण उरकून चिखल वाळलेला नसतो आणि अख्खं गाव राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची पातळी बघत बसलेलं असतं, ३९ फूट इशारा, ४३ धोका.

पण चक्रातले मधले चार सण, म्हणजे सगळ्यात लहान-मोठा दिवस आणि सारखे दिवस-रात्र यांच्या अधेमधे येणारे सॅविन, इंबोल्क, बेल्टेन आणि लुनासा, शेतीवरनं न बघता सूर्यावरनं बघा. अंबाबाईचं देऊळ पश्चिमाभिमुख. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आणि परत जानेवारीअखेर-फेब्रुवारीच्या सुरुवातीला मावळतीची किरणं महाद्वारातनं आत शिरतात, कासव चौक, पितळी उंबरा, मग गाभारा, मग चरण, आणि आभाळ स्वच्छ असलं तर वर मुखापर्यंत. किरणोत्सव. लोक श्वास धरून उभे असतात, धूळ जास्त असली, ढग आला किंवा वाटेत कुणाच्या इमारतीचा कोपरा आला की किरण मध्येच विरतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात ती बातमी असते. हे दोन मुहूर्त सगळ्यात लहान दिवसाच्या अलीकडं-पलीकडं जवळपास सारख्याच अंतरावर आहेत. आणि पेगन चक्रातलं इंबोल्क कधी, तर १-२ फेब्रुवारी. सॅविन ३१ ऑक्टोबरला करतात खरं, पण सूर्याच्या हिशोबानं नेमका मधला दिवस नोव्हेंबर ७ च्या आसपास येतो.

उरलेले दोन, १ मेचं बेल्टेन आणि १ ऑगस्टचं लुनासा. कोल्हापूर साधारण १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळं मेच्या पहिल्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावली. दुपारी साडेबाराच्या सुमाराला गच्चीत बाटली उभी करा, सावली बुडाखाली गायब. विषुवदिन आणि अयनदिन यांच्या मधले दिवसही ५-६ मे आणि ७ ऑगस्टच्या आसपासच येतात. म्हणजे आयर्लंड-स्कॉटलंडच्या थंडीतनं आलेले ते चार सण कोल्हापूरच्या आभाळात जवळजवळ नेमके बसतात, दोन देवळात किरणानं आणि दोन गच्चीत सावलीनं. योगायोग असेल, आहेच, पण एवढा भारी योगायोग सोडायचा नाही. आणि याला लागतं काय, तर बाटली. कार्बन फुटप्रिंट म्हणतात तो शून्य. ऑगस्टात ढगामुळं दिसत नाही बऱ्याचदा, तेवढं सोडून.

शरदातल्या विषुवदिनाला, म्हणजे सप्टेंबरअखेर, आपल्याकडं घटाच्या सुमारास माती-धान्य पेरून अंकुर बघायचा असतोच आणि पितरांसाठी सर्वपित्री आहे, त्या काही मागवाव्या लागत नाहीत. आषाढातली त्र्यंबोलीची जत्रा तर मला सगळ्यात जास्त पेगन वाटते, नदीला आलेलं नवं पाणी कळशीत घेऊन पी ढबाकच्या तालावर टेंबलाईच्या टेकडीवर न्यायचं. पावसाचा सण तिकडच्या चक्रात नाहीच, तो इथला जोडून घ्या. इथं तिसरी वाट जिंकते.

दसऱ्याचं मात्र बघा. सोनं म्हणून आपट्याच्या फांद्याच्या फांद्या तोडून रस्त्यावर विकायला येतात, दुसऱ्या दिवशी तेच सोनं गटारात. परंपरा आपली असली तरी झाड बोडकं होतंच. दोन पानं पुरतात.

अर्पण केलेलं जातं कुठं

पुस्तकात लिहिलेलं असतं, विधी झाल्यावर उरलेलं वाहत्या पाण्यात सोडा. पंचगंगेत? कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती प्रयाग चिखलीला येऊन मिळतात आणि पुढं शहरापाशी येईतो त्या नदीत काय काय मिसळतं ते घाटावर उभं राहून बघा, पिशवीसकट फेकलेलं निर्माल्य, जलपर्णीत अडकलेले नारळ, फोटोच्या फ्रेमा. गणपतीच्या बाबतीत कोल्हापूरकर शिकले, मूर्तीदान केलं, इराणी खणीत विसर्जन नेलं. मग पेगन लोकांनी नव्यानं मेण आणि ग्लिटर नदीत सोडायची सुरुवात करायची काय? फुलं-पानं कुंडीत पुरा. दूध-मध झाडाच्या बुंध्याशी थोडंसं, मुंग्या बघतील पुढचं.

मीठ. वर्तुळ आखायला मीठ सांडायला सांगतात. फरशीवर ठीक, झाडून घेता येतं. मातीवर कधीच नाही, त्या जागचं गवत जळतं, गांडुळं मरतात. मातीवर वर्तुळ आखायचं तर तांदळाच्या पिठाची किंवा राखेची रांगोळी घाला.

जंगलाबद्दल एवढंच, राधानगरी हे राज्यातलं पहिलं अभयारण्य, १९५८ चं, आणि २०१२ पासनं जागतिक वारशात. तिथनं काडी उचलणंसुद्धा कायद्यानं गुन्हा आहे, गव्याचं शिंग बिंग तर विचारूच नका. आणि शाहूवाडी, आजरा, चंदगडकडच्या देवरायांत कितीतरी ठिकाणी पडलेलं वाळकं लाकूडही बाहेर न्यायचं नाही असा नियम पिढ्यान्‌पिढ्या पाळलाय. युरोपातल्या पेगनांना पवित्र राई म्हणून ज्याची ओढ आहे ते आपल्याकडं जिवंत आहे. जा, चपला बाहेर काढून बसा, काही न घेता परत या. एसटीनं गेलात तर आणखी बरं, कारण चारचाकी काढून घाटात जाऊन येण्यात जेवढं पेट्रोल जळतं त्यापुढं तुमची वर्षभराची पणती-मेणबत्ती काहीच नाही. खरा फरक तिथं पडतो, गाडी, एसी, ऑनलाइन पार्सल, वाया जाणारं अन्न. तांब्या पितळी आहे का स्टीलचा यावर वाद घालत बसू नका.

शेजाऱ्यांचंही जरा. चौकात लिंबू-बाहुली ठेवून यायचं नाही, लोक घाबरतात, कुत्री खातात आणि संशय भलत्याच बाईवर जातो. आपल्याकडं चेटकीण ठरवून बायकांना मारलंय लोकांनी, ती गंमत नाही. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा तुमच्या घरातल्या पूजेला हात लावत नाही, पण मंतर मारून आजार बरा करतो म्हणून पैसे घेतले तर लावतो आणि लावायलाच पाहिजे.

मग कुणी काय घ्यावं

कॉलेजात असाल, खिशात पैसे नाहीत आणि घरच्यांना अजून सांगितलेलं नाही, तर दुसरी वाट, पणती आणि तुळस यावर आई कधी शंका घेणार नाही. घरात सासूबाई सगळे सणवार करतातच तर तिसरीला दुसरीतलं आभाळ जोडा, बाटलीची सावली त्यांनाही दाखवा, मजा येते त्यांना. फ्लॅटमध्ये भाड्यानं, माती नाही, धूर चालत नाही, तर एक पणती, एक गोटा, एक कुंडी. किटची वाट मी फक्त एकाच माणसाला सांगेन, ज्याला वाचून समजत नाही आणि वस्तू हातात घेतल्याशिवाय शिकताच येत नाही, त्यानंसुद्धा नवं न मागवता कुणाचं तरी कंटाळून पडलेलं विकत घ्यावं, अशी किट लय पडून असतात.

आणि तुमच्याकडं आधीच आलेलं असेल तर फेकून बिकून देऊ नका, सेज आहे तेवढी चिमूट-चिमूट वापरून संपवा, मेणबत्त्या लाइट जाईल तेव्हा लावा, क्रिस्टल ज्याला हवेत त्याला देऊन टाका, डबा बियाणं ठेवायला होतो.